पुलावर ४२ फूट म्हणजे माझ्या दारात किती?

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा लागला की तुमच्या पेपरात रोज एक चौकट येते, कुठलं धरण किती टक्के भरलं, साठा किती टीएमसी, विसर्ग किती क्युसेक. ती चौकट मी गेली कित्येक वर्षं इमानेइतबारे वाचतो. आणि ज्या रात्री आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं त्या दिवशी सकाळी पण वाचली होती. वाचली, पेपरची घडी घातली आणि कामावर गेलो. म्हणजे माहिती माझ्या हातात होती हो, चहाच्या कपाशेजारीच होती, पण तिचा माझ्या उंबऱ्याशी काय संबंध ते काही कळलं नाही. या पत्रात मला एवढंच सांगायचंय, पण जरा सविस्तर सांगतो, जागा असेल तर छापा, नसेल तर कात्री लावा.

पहिली गोष्ट म्हणजे पाणी दारातून आलंच नाही. रात्री दीडच्या सुमाराला बाथरूमच्या जाळीतून बुडबुड बुडबुड आवाज यायला लागला, मला वाटलं वरच्या मजल्यावर कुणीतरी टाकी रिकामी करतंय. लाईट लावला तर जाळी जागची हलत होती आणि खालून काळपट पाणी वर येत होतं, त्यात एक झुरळ गोल गोल फिरत होतं, ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही. मी जाळीवर पाट ठेवला, पाटावर भरलेली बादली ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर डोकावलो तर रस्ता चक्क कोरडा. पाऊस पण नव्हता! वीस मिनिटांत पाट बादलीसकट तिरका झाला.

हे नंतर कळलं की यात नवल काहीच नाही. आपल्या गटारांचं, नाल्यांचं तोंड शेवटी नदीतच असतं, नदी त्या तोंडाच्या वर चढली की पाणी बाहेर जायचं सोडून उलटं आत यायला लागतं, आणि सगळ्यात खालच्या मजल्याची मोरी, संडास, रस्त्यावरचं चेंबर इथून पहिल्यांदा डोकं वर काढतं. नदी पुढच्या दारातून यायच्या आधी मागच्या पायपातून येते. आणि आमच्याकडं पाऊस नसला म्हणून काय झालं, वरती पाणलोट क्षेत्रात दोन दिवस कोसळत होता, ते पाणी धरणात, धरणातून नदीत आणि नदीतून आमच्याकडं यायला वेळ लागतोच की. आकाश निरभ्र आणि नदी चढती, हे ज्यानं एकदा पाहिलंय तो परत आभाळाकडं बघून निर्णय घेणार नाही.

मग फोन बघितला. शंभरावर मेसेज. त्यातले निम्मे एकच, "नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे". आता सतर्क राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय हे मला कुणीतरी समजावून सांगा. जागं राहायचं? फ्रीज उचलून टेबलावर ठेवायचा? आईला रात्रीच दुसरीकडं हलवायचं की सकाळपर्यंत थांबायचं? या शब्दात काहीच नाही, पाठवणाऱ्याची जबाबदारी संपली एवढाच त्याचा उपयोग. त्याच्या खाली एक मेसेज होता की विसर्ग वाढवून अमुक हजार क्युसेक करण्यात आला आहे, तोही खरा होता, पण त्यावर ना तारीख ना वेळ, चार ग्रुपवर चार वेगवेगळे आकडे आणि प्रत्येकावर "ताजी अपडेट". आणि त्याच्याही खाली एक व्हिडिओ, चॉकलेटी पाण्यात गाड्या वाहून चालल्यात, खाली लिहिलंय "आत्ताची परिस्थिती, काळजी घ्या". तो दुसऱ्याच राज्यातला, दुसऱ्याच वर्षाचा निघाला.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजी राहतात. त्यांनी त्या दिवशी दुपारी तीनलाच गाद्या बांधून माळ्यावर टाकल्या होत्या, गॅसचा सिलिंडर काढून वर ठेवला होता, कागदपत्रांची पिशवी खांद्याला. मी संध्याकाळी येताना बघितलं आणि मनात हसलो पण. नंतर विचारलं, आजी तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाल्या, "अरे पुलाच्या दुसऱ्या कमानीतला तो बाहेर आलेला दगड बुडला की मी गाद्या बांधते. दगड बुडल्यावर आपल्या बोळात यायला रात्र होते." बस. ना टीएमसी ना क्युसेक. पण त्यांच्याकडं जे होतं ते माझ्याकडं नव्हतं, पुलावरचं पाणी आणि स्वतःची पायरी यांची सांगड.

आता तुम्ही म्हणाल क्युसेक समजून घ्या ना मग. घेतलं समजून. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर रिकामे होतायत असं समजा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये २,८०० कोटींच्या वर, आणि धरणातून दिवसभर साडेअकरा हजार क्युसेकच्या आसपास सोडत राहिलं की चोवीस तासांत एक टीएमसी खाली येतं. ऐकायला भारी वाटतं, चारचौघात सांगायला पण बरं, पण याच्यावरून माझ्या घरात पाणी येणार का याचं उत्तर अजूनही येत नाही. कारण तेवढंच पाणी रुंद पात्रात बोटभर चढतं आणि अरुंद पात्रात हातभर, मध्ये ओढे येऊन मिळतात, खालच्या अंगाला मोठी नदी फुगलेली असली की आपल्या नदीला पुढं जायला वाट मिळत नाही आणि फुगवटा मागं येतो, त्यात भराव, पूल, नदीत घुसलेली बांधकामं हे सगळं आलंच. क्युसेक हा धरणाच्या दारातला आकडा आहे. मला माझ्या दारातला पाहिजे.

त्या मानानं फुटाचा आकडा बरा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची ४० आणि ४५, हे तिकडच्या शाळकरी पोरांना पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं आणि आयर्विन पुलावर ५७ च्या पुढं, तेव्हा घराघरातून माणसं तासातासाला तो आकडा विचारत होती. हा आकडा नदीत उभ्या असलेल्या पट्टीवरचा असतो, डोळ्याला दिसतो, चढला की चढला, उतरला की उतरला. पण इथं पण एक मेख आहे. धोका पातळी ही अख्ख्या शहरासाठी एकच ठरवलेली. एखाद्या गल्लीत पाणी धोका पातळीच्या दोन फूट आधी शिरतं आणि एखाद्या गल्लीत तीन फूट वर गेल्यावर पण टिपूस नाही. आमचं बोळ पहिल्या प्रकारातलं. त्या रात्री नदी अधिकृतरीत्या धोक्याच्या खाली होती, आणि मी गुडघाभर पाण्यात उभा राहून ती बातमी वाचत होतो!

बरं मदतीचं सांगतो. एका यादीवर सात नंबर होते, यादी छान रंगीत, वर फोटो वगैरे. पहिला लागेना, दुसरा बिझी, तिसऱ्यावर एका गृहस्थांनी झोपेतून उठून सांगितलं की मी दीड वर्षापूर्वी रिटायर झालो. बिचारे चांगले होते, त्यांनी तरी विचारपूस केली. निवारा केंद्र म्हणून ज्या शाळेचं नाव होतं तिच्या ग्राउंडमध्येच पाणी होतं, म्हणजे यादी करणाऱ्यानं ती शाळा पावसाळ्यात कधी बघितलीच नसणार. मी कुठल्या ऑफिसचं नाव घेत नाही, घ्यायचं पण नाही, कारण त्या रात्री त्याच ऑफिसची पोरं पहाटेपर्यंत छातीभर पाण्यात माणसं काढत होती, ते पण मी बघितलंय. राग यादीवर आहे, माणसांवर नाही. यादी दरवर्षी मे महिन्यात एकदा, प्रत्येक नंबर प्रत्यक्ष फिरवून, तपासायला किती वेळ लागतो? एक दुपार.

आमच्या शेवटी जे नंबर कामाला आले ते सोपे होते. ११२ कुठूनही लागतो, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. हे दोन माहीत नव्हते अशातला भाग नाही, पण पाण्यात उभं राहून डोकं चालत नाही, आधीपासून फोनमध्ये "अ" लावून सेव्ह केलेले असले तर बोट आपोआप तिकडं जातं. आणि फोन केल्यावर ओरडायचं नाही, पहिल्या वाक्यात जागा सांगायची, मग माणसं किती, त्यातलं अंथरुणाला खिळलेलं कोण, तान्हं कोण, औषध काय चालू आहे. माझ्या बायकोनं हे केलं म्हणून होडी आली, मी नुसता "लवकर या लवकर या" करत होतो. दुसरं म्हणजे कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस बरेचदा जातो, आणि बॅटरी वीस टक्क्यांवर यायच्या आत कुणातरी बाहेरच्या नातेवाइकाला लोकेशन टाकून ठेवायचं. तो कोरड्यात बसलेला असतो, लाईट असते, त्याला दहा फोन करता येतात.

आणि पहाटे तीनला ती बातमी आली. "धरण फुटलं."

मी बघितलंय साहेब काय होतं ते. माणसं जिने उतरून पाण्यात पळायला लागली, ज्या पाण्यातून पळायचं नाही त्याच पाण्यात. आपल्याकडं या दोन शब्दांना वेगळंच वजन आहे, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात जे झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांच्या नातवंडांना पण ते ऐकून ऐकून माहितीये, त्यामुळं वरून पाणी सोडलं याचं फुटलं व्हायला एका घाबरलेल्या माणसाचा एक व्हॉइस मेसेज पुरतो. धरणाचे दरवाजे उघडणं हे धरण वाचवण्यासाठीच असतं हे त्या अंधारात कोण कुणाला सांगणार. आमच्या बिल्डिंगमध्ये एक रेल्वेतले काका आहेत, ते जिन्यात आडवे उभे राहिले आणि म्हणाले ज्याच्याकडं ऑफिसचा कागद असेल त्यानं दाखवा आणि मग खाली उतरा. कुणाकडंच नव्हता. लोकं परत वर गेली. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी धडधाकट माणसाचा पाय सुटू शकतो, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते आणि दोन फुटांत बहुतेक सगळ्याच गाड्या जातात, आणि आपल्याकडं त्याच्या खाली चेंबरची झाकणं कुणी उघडून ठेवलीत का ते दिसत पण नाही. काकांनी त्या रात्री किती जीव वाचवले त्याची कुठं नोंद नाही.

आता कुणी म्हणेल की सगळ्यांच्या फोनवर अलर्ट येतोच की. येतो. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजले होते आठवतंय का, लोकांना वाटलं फोन हॅक झाला, ती त्याचीच चाचणी होती. ही पद्धत चांगलीये, सेल ब्रॉडकास्ट, तुमचा नंबर कुणाकडं असायची गरज नाही, त्या टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम जातं, नेटवर्क जाम असलं तरी. जर्मनीसारख्या देशाकडं जुलै २०२१ च्या पुरात ही सोय नव्हती, आर नदीच्या खोऱ्यात शंभरावर माणसं गेली, त्यानंतर त्यांनी ती बसवली. पण नुसतं यंत्र असून भागत नाही हो. स्पेनमध्ये वॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ ला यंत्र होतं, आणि फोनवर अलर्ट गेला रात्री आठ वाजून गेल्यावर, तोपर्यंत कित्येक गावांत पाणी शिरून माणसं अडकली होती. दोनशेवर गेली. यंत्राचं बटण शेवटी माणूसच दाबतो, आणि दाबायला कचरतो, उगाच घबराट नको म्हणून. माझं म्हणणं असं की दोनदा उगाच पळवा, तिसऱ्यांदा आम्ही शिव्या घालू, पण जिवंत राहून घालू ना.

केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया म्हणून ॲप पण आहे, २०२३ ला आलेलं, मोठ्या नद्यांच्या ठरावीक ठिकाणची पातळी आणि अंदाज त्यात दिसतो, जरूर घ्या. पण सगळ्या नद्यांवर, सगळ्या पुलांवर त्यांचं ठाणं नाही, आणि माझं बोळ तर त्यात दिसणारच नाही. ते काम आपलंच.

म्हणून पूर ओसरल्यावर आम्ही एक वही केली. काही ग्रेट नाही, दोनशे पानी वही. त्या पुरात ज्यांनी ज्यांनी फोटो काढले होते त्यांच्याकडून मागून घेतले, फोटोवर वेळ असतेच, आणि त्या वेळेला पुलावर किती फूट होतं ते रोजच्या बातम्यांमधून काढून शेजारी लिहिलं. त्यातून असं निघालं की पुलावर ४१ फूट झालं की कोपऱ्यावरचं चेंबर उलटतं, सव्वाएकेचाळीसला आमच्या बाथरूमची जाळी हलते, ४२ फूट ३ इंचाला आमची खालची पायरी, आणि ४३ ला मागच्या रस्त्याचा खोलगट भाग बुडतो म्हणजे त्या वाटेनं रिक्षा निघणं बंद. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं निघालं बघा. घरात पाणी कधी येतं यापेक्षा बाहेर पडायचा रस्ता कधी बंद होतो हे आधी कळायला पाहिजे, माणूस घराकडं बघत बसतो आणि मागं वाट बुडालेली असते. आता आमचा नियम, पुलावर ४० आणि पाणी चढतं असेल तर म्हातारी माणसं, आजारी, बाळंतीण, पोरं हलणार, वाद नाही, दिवस असतानाच. चढतं आहे का उतरतं ते पण लिहायचं, कारण ४० चढतं आणि ४० उतरतं यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

आजींचा दगड पण वहीत आहे. तो पुलावरच्या पट्टीवर साडेअडतीसला बुडतो. म्हणजे आजी आमच्यापेक्षा दीड फूट सावध.

मेन स्विच बंद करायचा, आणि तो सुद्धा पाय कोरडे असतानाच, पाण्यात उभं राहून हात लावायचा नाही, हे बहुतेकांना माहिती असतं. नंतरचं मात्र लोकं विसरतात. पाणी उतरलं की लगेच झाडायला घ्यायचं नाही, आधी भिंतीवर जिथपर्यंत ओल आहे तिथं पेन्सिलनं रेघ आणि तारीख, त्याचा फोटो, मग प्रत्येक वस्तूचा फोटो, नाहीतर पंचनाम्याला माणूस येईपर्यंत घर चकाचक आणि पुरावा गटारात. वायरमनला दाखवल्याशिवाय मीटर चालू करायचा नाही. आणि पायाला जखम असेल तर त्या चिखलात उतरायचंच नाही, उतरलात आणि आठ दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला सांगा की मी पुराच्या पाण्यात होतो, लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदरांच्या मुतातून त्याच पाण्यात असतो आणि लवकर कळला तर औषध आहे.

काही लोक म्हणतात एवढा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, आला, झालं, आता निवांत. ही फार मोठी गैरसमजूत आहे. लाल पूररेषा म्हणतात ना, ती शंभर वर्षांतून एकदाच्या हिशेबानं आखतात, निळी पंचवीस वर्षांच्या. पण त्याचा अर्थ असा की दरवर्षी शंभरात एक शक्यता, यावर्षी आला म्हणून पुढच्या वर्षी सुट्टी नाही. तीस वर्षांचं घराचं कर्ज फिटेपर्यंत तसा एखादा पूर बघायची शक्यता चारात एक. आणि कोल्हापूर सांगलीनं तर २००५, २०१९, २०२१ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर बघितले, त्यातले शेवटचे दोन तर दोनच वर्षांच्या अंतरानं. घर घेताना पूररेषेचा नकाशा कुणी विचारत नाही, पार्किंग मात्र विचारतात. मी पण तेच केलं होतं.

तर संपादक साहेब, मागणं तुमच्याकडं आहे, सरकारकडं नाही. ती धरणसाठ्याची चौकट चालू राहू द्या, शेतकऱ्याला ती लागते. पण तिच्या शेजारी एवढीच एक छोटी चौकट द्या, नदीच्या प्रत्येक मुख्य पुलावर काल रात्री किती वाजता किती फूट, मागच्या सहा तासांत चढलं की उतरलं, आणि इशारा पातळीला किती कमी. वेळ छापायचीच, कारण तुमचा पेपर माझ्या हातात येईपर्यंत सात आठ तास झालेले असतात. आणि पावसाळ्याच्या आधी एकदा, एका रविवारच्या अंकात, वाचकांना सांगा की आपापल्या गल्लीचा आकडा कळवा, पुलावर किती असताना तुमच्याकडं पाणी येतं, त्यांनी पाठवलेलं छापा. फार तर पानभर होईल. लोकं कापून फ्रीजवर लावतील, मी तर लावीनच, फ्रीज माळ्यावर जाईपर्यंत का होईना.

आमच्या बोळाच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, त्यावर आम्ही ऑइल पेंटनं त्या रात्रीची रेघ मारलीये, खाली तारीख आणि पुलावरचा आकडा. मध्ये कुणीतरी तिथं वाढदिवसाचा बॅनर बांधला आणि रेघ झाकली गेली. मी काढला नाही, उगाच भांडण नको. आजी खाली स्टूल धरून उभ्या राहिल्या आणि मी तो दोन फूट वर सरकवून बांधला.

आपला,
नदीकाठचा एक वाचक